डब्याची फटफटी

आमच्या घरी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली एक लष्करी फटफटी होती. डाव्या अंगाला माणूस बसायचा डबा जोडलेली. त्या डब्याला साइडकार म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. गावात ती ‘डब्याची फटफटी’च होती. पाहुणे यायचे, तिच्याभोवती फेरी मारायचे, सीटवर थाप मारून म्हणायचे, काय चीज आहे! मी मान डोलवायचो. ती चीज चालू करताना किक उलटी येऊन माझा उजवा घोटा दोनदा सुजला होता, हे मी कुणाला सांगत बसायचो नाही. कौतुक करायला काय जातं? सांभाळायला लागत नव्हती ना त्यांना.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर मी कडेगावच्या हायस्कुलात मास्तर होतो. घर तिथून कोसभरावरच्या खेड्यात. सकाळी शाळा, संध्याकाळी उसाला पाणी, आणि श्रावण सरला की फटफटी. ट्यूबला ठिगळं लावायची, कार्बोरेटर रॉकेलात धुवायचा, वायरींवरचं कुजलेलं कापड सोडवून नवं गुंडाळायचं. तिचे सुटे भाग कंपनीकडे मिळायचं तर नावच नको. कोल्हापूरच्या भंगारवाल्यांकडे अर्धा दिवस उकरून काढावं तेव्हा एखादी स्प्रिंग हाती लागायची, तीही दुसऱ्याच कुठल्या गाडीची. वर्गात फळ्यावर लिहिताना पहिल्या बाकावरच्या पोरी माझ्या काळ्या नखांकडे बघून खुसखुसायच्या. आणि हा सगळा आटापिटा वर्षातल्या एका दिवसासाठी. भाद्रपदातल्या वद्य चतुर्दशीला ती फटफटी सांगलीला जाऊन परत यायला हवी, एवढंच तिचं काम होतं. त्या एका दिवसाने मला थकवून टाकलं होतं.

माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, लढाईत पलटणीचे निरोप पोचवणारे होते. हुद्दा इंग्रजीत भारदस्त होता, काम सोपं: फटफटीवर बसून इकडचा कागद तिकडे न्यायचा आणि मध्ये मरायचं नाही. गावातलाच त्यांचा जिवलग दोस्त त्याच पलटणीत शिपाई होता. इटलीत एका नदीकाठी त्याला गोळा लागला. आबांनी त्याला डब्यात घातलं आणि तळावरच्या दवाखान्याकडे गाडी पळवली. वाटेत त्याने पाणी मागितलं आणि म्हणाला, “माज्या माघारी तिला घरातनं काढू नगा. हिरीकडचं रान तिला द्या.” दवाखाना यायच्या आत तो गेला.

ही हकिकत आमच्या गावात शेंबड्या पोरालाही पाठ होती, कारण तिच्यावर एका बाईचं आख्खं आयुष्य उभं होतं. ती म्हणजे त्या दोस्ताची बायको. आमच्या शेजारच्या आळीत राहायची, मी तिला काकी म्हणायचो. सोळाव्या वर्षी लग्न, चार महिन्यांचा संसार, मग तो लढाईवर गेला तो गेलाच. मूलबाळ नाही. दिरांनी तिचं गाठोडं बांधून माहेरी धाडायचं ठरवलं होतं. तेवढ्यात आबा लढाईवरून आले आणि त्यांनी दोस्ताचा शेवटचा शब्द सांगितला. थोरल्या दिराला तो काही पटला नाही. “मरताना मानूस रानाचं कशाला बोलंल?” असं तो चावडीत बोलून गेला. पुढे सालभराने आबा पुण्याकडच्या लष्करी लिलावातून ही फटफटी घेऊन गावात शिरले. सारा गाव गोळा झाला, त्यात दीर होते आणि मागे कुडाच्या आडोशाला काकी. ती पुढे आली आणि सगळ्यांदेखत तिने विचारलं, “ह्योच का त्यो डबा?” आबा हो म्हणाले. तिने डब्यातल्या सीटवर हात ठेवला आणि तशीच उभी राहिली. मेलेल्या भावाची जागा डोळ्यांसमोर असताना त्याचा शब्द मोडायची थोरल्याची छाती झाली नाही. काकीला मागच्या दोन खोल्या मिळाल्या आणि विहिरीकडचं रान मिळालं.

मी तेव्हा जन्मलेलोही नव्हतो. म्हणजे घरात मोठी फटफटी, मी तिच्या पाठचा.

पितृपक्षात, आमच्याकडे ज्याला म्हाळ म्हणतात त्या पंधरवड्यात, चतुर्दशी ही हत्याराने गेलेल्यांची तिथी. घरचा म्हाळ दीर घालत. काकी मात्र त्या दिवशी निवद बांधून घेऊन सांगलीच्या घाटावर जायची. लढाईवर निघताना तो तिला तिथवर घेऊन गेला होता, घाटाच्या पायऱ्यांवर दोघांनी भाकरी खाल्ली होती आणि तिथूनच तो स्टेशनकडे वळला होता. तिने त्याला शेवटचं पाहिलं ते तिथे. म्हणून निवद तिथेच सोडायचा, आणि जायचं ते त्याच डब्यात, त्याच्या जागेवर बसून. आबा चालवायचे. त्यानंतर दहा दिवसांनी खंडेनवमी आली की आबा फटफटी धुऊन तिला हिरवा ऑइलपेंट फासायचे. नटांवर, बोल्टांवर, पट्ट्यांवर, सगळीकडे, जुन्यावर नवा. फौजी माणसाला रंगाची खोडच असते, असं आम्ही समजायचो.

मग आबांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. दोन वर्षांत त्यांना माणूस सावलीसारखा दिसायला लागला आणि फटफटी माझ्या गळ्यात पडली. मी चांगला मुलगा होतो असं मला म्हणायचं नाही. मी ती चालवली ती कुरकुरत चालवली. पेट्रोल महाग झालेलं, टायरांना भेगा पडलेल्या, आणि काकी शेजारच्या डब्यात डोळे मिटून, वहाणा काढून, मांडीवर निवदाचं फडकं घेऊन बसलेली. तिला काय बोलणार? पन्नास-साठ किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं. परत आल्यावर दोन दिवस माझे हात थरथरायचे.

पाचगणीच्या एका बोर्डिंग शाळेतले एक हौशी गृहस्थ फटफटी विकत घ्यायची म्हणून दोनदा येऊन गेले होते. आबांनी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. मी मनात गणित मांडलं. गाडी एकदा माझ्या नावावर झाली की पुढे काय करायचं ते मी बघेन; आबांना दिसत नाही, काकीला एस्टीने नेता येईल. मालकी बदलण्याच्या कागदावर मी आबांची सही घेतली. “कसला कागुद रं?” त्यांनी विचारलं. “शाळेचा हाय,” मी म्हणालो. त्यांनी चाचपडत, जिथे मी बोट धरलं तिथे, सही केली.

गाडी आरटीओच्या ऑफिसात दाखवायला सांगलीला न्यावी लागणार होती. वेगळी खेप घालायची तर पुन्हा तेवढं पेट्रोल, पुन्हा तो घोटा. म्हणून मी ठरवलं, चतुर्दशीलाच दोन्ही कामं उरकायची: आधी ऑफिस, मग घाट. त्यात आणखी एक सोय होती. पितृपक्षात कुणी गाडी घेत नाही, विकत नाही, नावावर करत नाही. एरवी तिथे उभं राहायला जागा नसते; त्या पंधरवड्यात माशा मारत बसलेले असतात. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं. सगळा जिल्हा जे करत नव्हता ते मी करायला निघालो होतो, आणि ते का करत नाहीत हे विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही.

ऑफिसात खरोखरच चिटपाखरू नव्हतं. कारकून टेबलावर डोकं टेकून पडला होता. तपासणीचे साहेब बाहेर आले आणि फटफटी बघून त्यांचा चेहराच उजळला. ते स्वतः लष्करातल्या गाड्यांच्या कारखान्यात काम केलेले होते. काकीने उठायचा प्रयत्न केला तर म्हणाले, “बसा, बसा बाई, तुम्ही कशाला उतरता?” त्यांनी इंजिनचा नंबर पुस्तकाशी ताडला. चौकटीचा नंबर ताडला. दोन्ही जुळले. एरवी मागे वीस माणसं उभी असताना ते सही करून मोकळे झाले असते आणि मीही. पण त्या दिवशी मागे कुणीच नव्हतं आणि साहेबांना दुपारपर्यंत दुसरं काम नव्हतं. डब्याच्या मागच्या बाजूला रंगाखाली काहीतरी उंचवटा होता, त्यावरून ते बोट फिरवत राहिले.

“इथे पट्टी असते, मास्तर. बघूया का?” त्यांनी खिशातला चाकू काढला. रॉकेलची चिंधी मागवली. हिरव्याखाली हिरवा, त्याखाली आणखी हिरवा. सोललेल्या सालींचा ढीग खाली पडला आणि शेवटी पितळ चमकलं. साहेब गुडघ्यावर बसून वाचायला लागले. आपल्या हौसेच्या गोष्टी माणूस जशा मोठ्याने वाचतो, तसे.

“ही बघा. लढाई संपली त्या वर्षीची बनावट. आणि हा इथे आपल्या बंदराचा शिक्का, पुढच्या सालचा. म्हणजे जहाजातून उतरली, डेपोत पडून राहिली, तिथून थेट लिलावात. नशीबवान गाडी आहे, मास्तर. हिने लढाई बघितलीच नाही!”

काकीचा नवरा लढाई संपायच्या आदल्या वर्षी गेला होता. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण ते वर्ष तिला कुणी सांगायला नको होतं. मी तिच्याकडे बघितलं. चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

“सायेब,” तिने विचारलं, “ही गाडी तकडं इटलीला गेलीच न्हाई?”

“कशी जाईल बाई? तिकडे होत्या त्या तिकडेच सोडून आले. एवढ्या लांबून कोण आणतंय?”

तिने मान हलवली. फडकं उचललं, डब्यातून उतरली, वहाणा पायात घातल्या आणि फाटकातून बाहेर चालायला लागली. घाटाकडे नाही, आल्या वाटेने. साहेब माझ्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांचा काय दोष? मी कागद तसेच काखोटीला मारले.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला आधी सुटल्यासारखं वाटलं. संपलं एकदाचं, असं मनात आलं. लाज वाटली ती त्याच्यानंतर. तो क्रम मला अजून बोचतो.

गरम इंजिन चालू होईना. सात-आठ किका मारल्या, घामाघूम झालो, तेव्हा कुठे ते फुटफुटलं. काकी सांगलीबाहेर तासगावच्या रस्त्याला लागली होती. मी पहिल्या गिअरमध्ये तिच्या बाजूने चाललो. भाद्रपदाचं ऊन डोक्यावर होतं.

“काकी, बसा. ऊन लागंल.”

ती चालत राहिली. चालता-चालताच तिने विचारलं, “तुला ठावं हुतं?”

“न्हाई. तुमची आन.”

“तुज्या बाला?”

पितळेच्या पट्टीवर दरवर्षी न चुकता रंग का चढत गेला, ते मला नुकतंच कळलं होतं. मला कळलं तेच तिलाही कळलं असणार.

“सत्तावीस-अठ्ठावीस वर्सं,” ती म्हणाली, “सत्तावीस-अठ्ठावीस वर्सं मी लोकंडाला निवद दाकीवला. पाय लागू नी म्हनून वाना काढून बसले त्यात. आनि गावाफुडं ह्या तोंडानं सांगितलं, आमचं मालक इतं बसलं हुतं.” ती थांबली. “गाडी खोटी, मग त्यो शब्दबी खोटाच की रं. मग मी कुनाच्या खोलीत ऱ्हायले? कुनाचं रान खाल्लं? थोरला दीर मेला त्यो मला खोटी म्हनतच मेला. त्योच खरा हुता?”

मी नुसता गाडी ढकलल्यासारखी चालवत राहिलो.

तीन-चार मैलांनी तिचे पाय थकले. एका मोरीवर बसली. म्हणाली, डब्यात बसणार नाही. मागच्या सीटवर बसेन. मी म्हणालो, डबा रिकामा राहिला तर डाव्या वळणावर उचलतो, गाडी उलटेल.

“मग दगुड बसव त्यात,” ती म्हणाली.

रस्त्याच्या कडेला डागडुजीसाठी खडी आणि मोठाले दगड रचून ठेवलेले होते. मी एक-एक उचलून आणायला लागलो. ती उठली आणि तीही आणायला लागली. ज्या जागेला तिने इतकी वर्षं वहाण लागू दिली नव्हती, त्या जागेवर ती दोन्ही हातांनी दगड टाकत होती. एकेक दगड आपटला की पत्रा वाजायचा. डबा भरल्यावर तिने पदराने हात पुसले आणि माझ्या मागे बसली. तशीच ती विट्यावरून घरापर्यंत आली.

आबा कट्ट्यावर बसले होते. दिसत नसलं तरी त्यांना फटफटीच्या आवाजावरून सगळं कळायचं. मी इंजिन बंद करायच्या आत त्यांनी मान वळवली.

“इतक्या बिगीनं? आनि डब्यात काय खडाखडा वाजतंय रं?”

“दगडं हायती,” काकी म्हणाली. ती कट्ट्यासमोर जाऊन उभी राहिली. “मानूस त्यात कवाच बसला न्हवता म्हनं. सायबानं रंग खरवडला. गाडी लडाई सपल्यावरची निगाली.”

“सायेब? कुटला सायेब?”

मग मला सांगावं लागलं. कागद, सही, पाचगणीचे गृहस्थ, सगळं. आबांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ते काठी शोधत राहिले. ती त्यांच्या मांडीशीच होती, पण हाताला सापडेना. काकीने ती उचलून त्यांच्या हातात दिली, आणि बाजूला मात्र झाली नाही.

“भावजी, आता खरं बोला. त्येनी डब्यात गेलं, का त्येबी खोटं?”

“डब्यातच गेला,” आबा म्हणाले. “गाडी दुसरी हुती. हुबेहूब अशीच. ती तकडंच ऱ्हायली.”

“पानी मागितलं?”

“न्हाई.”

“माजं बोललं? रानाचं?”

आबांनी काठी दोन्ही हातांनी धरली. त्यांना इतकं म्हातारं मी कधी पाहिलं नव्हतं. “न्हाई वैनी. कायच बोलला न्हाई. उचलून डब्यात घातला तवाच बोलत न्हवता. मला वाटलं, बेसुद हाय. दवाखान्यात डाक्टर म्हनला, ह्यो मगाशीच गेलाय. पर वाटंनं मला काय ठावं? मी आपला बोलतच हुतो त्याच्यासंगं.”

“म्हंजे त्या खोल्या, त्ये रान… तुमच्या शब्दावर?”

“तुमाला काढत हुते की घरातनं! माजं कोन ऐकनार हुतं? मेलेल्या मानसाचा शब्द लागत हुता. आनि त्यो बोलला आसता तर ह्येच बोलला आसता.”

“त्येनी?” काकी म्हणाली. “त्येनी तंबाकू मागितली आसती.”

आणि ती हसली. मी दचकलो. चार महिन्यांच्या संसारातला नवरा तिला एवढा नीट आठवत असेल असं मला वाटलं नव्हतं. आबांनाही हसू फुटलं, “व्हय, व्हय, तंबाकूच,” म्हणत ते हसले आणि हसता-हसता त्यांच्या मिटत आलेल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. काकी तिथेच पायरीवर खाली बसली. पदर तोंडाला लावून ती किती वेळ रडली ते मी सांगू शकत नाही. हातांना काहीतरी धरायला हवं होतं म्हणून मी हातमोजे धरून उभा होतो.

मग तिने विचारलं, “काय बोलत हुतासा त्यास्नी? वाटंनं?”

हे आबांना कुणी कधी विचारलंच नव्हतं. शेवटचा शब्द सगळ्यांनी विचारला, पण तो मेलेल्याचा. आबा हळूहळू सांगायला लागले. कुणाच्या विहिरीला किती पाणी लागलं ते सांगितलं म्हणे. गावच्या तालमीत कोण कुणाखाली चीत झाला ते सांगितलं. रस्ता चिखलाचा, वर गोळे पडतायत, आणि हे आपले ओरडून गावच्या गप्पा मारतायत.

“आनि चिडवला त्याला,” आबा म्हणाले. “तुमी घाटावर रडला न्हवतासा, ह्येचं त्याला लय लागलं हुतं. जहाजात रोज तेच काढायचा. म्हनलं, बरंच झालं न्हाई रडली, आसल्या तोंडाला कोन रडतंय! चिडून तरी उटंल म्हनून.”

“सासू म्हनली हुती,” काकी म्हणाली, “लडाईवर जानाऱ्याफुडं रडू नी. म्हनून गप ऱ्हायले. आनि त्येनी त्येच घिऊन गेलं व्हय.”

घरातून आई पाणी घेऊन आली आणि दारातच थांबली.

“म्या त्याला म्हनलं हुतं,” आबा म्हणाले, “डोळं मिटू नगंस गड्या, ह्याच गाडीनं तुला घरला न्हेतो. पार गावात, दारापत्तूर. सारकं तेच म्हनत हुतो. फुडं लिलावात ही दिसली. ती न्हवं ह्ये मला कळत न्हवतं व्हय? पर मी त्याला गाडीनं न्हेतो म्हनलं हुतं. ती सरकारनं दिली न्हाई. मग जी गावली ती आनली.”

मला त्या फटफटीचा इतकी वर्षं राग होता. तो राग कुठे ठेवावा तेच मला कळेना. मी अंगणात जाऊन डब्यातले दगड काढायला लागलो. मागून काकीचा आवाज आला. “उद्या आवस हाय, सर्वपित्री. निवद उद्याबी चालतोय. उद्या जाऊया घाटावर. तुमीबी चला.”

“कशानं?” आबांनी विचारलं.

“एस्टीनं. त्या भंगाराला आता मी हात लावनार न्हाई.”

फटफटी पुढच्या वर्षी पाचगणीला गेली. आबांनीच विकायला सांगितलं, आणि त्या वेळी कागद कसला ते मी त्यांना वाचून दाखवलं. ट्रकमध्ये चढवताना मला आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. घोटा मात्र थंडीत अजून दुखतो.

पण ती पुढची गोष्ट. त्या सर्वपित्रीला आम्ही तिघे एस्टीने सांगलीला गेलो. आबांना खिडकीजवळ बसवलं, काय दिसणार होतं कुणास ठाऊक. घाटावर अमावास्येची गर्दी होती. मी त्यांचा दंड धरून एकेक पायरी सांगत खाली नेलं. पाणी पायाला लागलं तेव्हा काकीने फडकं सोडलं, पत्रावळीवर भात, वडा, खीर वाढली आणि ते पान आबांच्या हातात दिलं.

आबा कचरले. “मी कोन वैनी? मी तुमच्या भावकीतला न्हाई.”

“त्यास्नी तुमीच आनलंसा न्हवं?” काकी म्हणाली. “मग तुमीच उतरवा आता गाडीतनं. लय लांब आनलासा.”

आबांनी वाकून पान पाण्यावर ठेवलं. ते वाहून गेलं तरी त्यांनी हात पाण्यातून काढला नाही.